स्पॅनिश 'इन्सोम्निओ'चं खानदान कसं शोधायचं

कोल्हापुरात घरबसल्या स्पॅनिश शिकताय नव्हं, मग हे करून बघाच की. 'इन्सोम्निओ' म्हणजे निद्रानाश, आधी तो फोडा, 'इन' म्हणजे नाही आणि लॅटिन 'सोम्नुस' म्हणजे झोप. मग रेआल अकादेमियाची, म्हणजे स्पॅनिश भाषेच्या अधिकृत संस्थेची, ऑनलाइन डिक्शनरी उघडा, फ्री आहे, शब्दाखालीच मूळ दिलेलं असतंय. सख्खा भाऊ 'सुएन्यो', झोप पण तोच आणि स्वप्न पण तोच. आता खरी भारी गोष्ट, ग्रीक 'हिप्नोस' म्हणजे झोप, तो, लॅटिन 'सोम्नुस' आणि आपलं संस्कृतातनं आलेलं 'स्वप्न' एकाच मुळातले, ग्रीकात सुरुवातीच्या स चा ह झाला, लॅटिनमध्ये न च्या आधीच्या प चा म झाला, हे बदल वहीत लिहूनच ठेवा. 'देस्वेलो' म्हणजे जागरण, ते मात्र लॅटिन 'विगिलारे'च्या, म्हणजे जागं राहणं, त्या घरातलं, त्याचं पान वेगळं करा.