खिशातल्या चाकूला धार साधी असावी की दातेरी?

चाकू घेण्याआधी आठवडाभरात आपण काय काय कापतो ते आठवावं. फळं, भाजी, खोकी, ठिबकची नळी, कलमाची काडी यातलंच बरंचसं असेल, तर साध्या धारेचा घ्यावा. दिवसभर नायलॉनच्या दोऱ्या आणि पॅकिंगच्या पट्ट्याच कापायच्या असतील, तरच दातेरीचा विचार करावा.

भात कापायचा दातेरी वैभव विळा ज्यानं चालवलाय, त्याला दातेरी धारेचं काम ठाऊक असतं. दातांची टोकं आधी धाग्यात शिरतात, सगळा जोर तेवढ्याशा जागेवर येतो, आणि पातं ओढलं की धागे तुटत जातात. खालच्या फळीवर किंवा दगडावर घासतात ती टोकंच; दातांमधल्या खोबणी बराच काळ तेज राहतात. म्हणून धार लावायची राहून गेली तरी असा चाकू दोरी कापत राहतो. काप मात्र फाटका येतो.

आणि तो फाटका काप नडतो. चंदगड-आजऱ्याकडे काजूचं मृदकाष्ठ कलम (कोवळ्या फुटीवरचं कलम) बांधताना खुंटाची, म्हणजे खालच्या रोपाची चीर आणि काडीची पाचर दोन्ही गुळगुळीत लागतात. साल चिंधाटली तर आतले थर एकमेकांना भिडत नाहीत आणि कलम वाळतं. 16 मिमीची ठिबक नळी दातेरीनं कापली तर कीस आत पडतो आणि ड्रिपरमध्ये जाऊन बसतो. कोल्हापुरी चपलेच्या कारागिराची रापी साध्याच धारेची असते, कारण चामडं तासून पातळ करायला पातं सलग पुढे सरकावं लागतं. तिथं दात अडकतात.

दातेरीची खरी जागा पंचगंगेच्या पुरात आहे. 2019 आणि 2021 सारख्या पुरात बोटी घेऊन उतरणाऱ्यांना ज्या दोरांशी गाठ पडते ते ओले आणि ढिले असतात. ताणलेला दोर साधं पातंही झटक्यात कापतं. ढिला दोर मात्र त्याच्यापुढे नुसता सरकतो, दात त्याला धरून ठेवतात. अशा कामाला बोथट टोकाचा चाकू घ्यावा, म्हणजे हवेची बोट किंवा माणसाचं अंग भोसकलं जाणार नाही.

अर्धी साधी, अर्धी दातेरी अशी पातीही मिळतात, पण आमचं मत त्यांच्या विरोधात आहे. दात बहुधा मुठीजवळ असतात, आणि बारीक कामाला हाताचा सगळा जोर मिळतो तो नेमका तिथंच. तीन इंची पात्यात मग दोन्हीपैकी एकही धार पुरेशी लांब उरत नाही.

धार लावण्याचा विचारही खरेदीआधीच करावा. साध्या धारेला 1000 नंबरचा दगड पुरतो. खांडं पडली असतील तर आधी 400 चा, म्हणजे जास्त खरबरीत. प्रत्येक बाजूला साधारण 20 अंश कोन ठेवावा. पातं 20 मिमी रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून सुमारे 7 मिमी वर येते. एका बाजूनं घासत राहावं, दुसऱ्या बाजूला पूर्ण लांबीभर बर (घासून उलटलेली पोलादाची बारीक कड) हाताला लागली की मगच पातं पालटावं. बर येण्याआधीच बाजू बदलत राहिलात तर कितीही घासा, धार येत नाही.

दातेरीला सपाट दगड चालत नाही. त्याला निमुळती सिरॅमिक किंवा हिऱ्याच्या कणांची सळई लागते. ती नसेल तर खोबणीत सैल बसेल अशा गोल काडीला 600 नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळावा. बहुतेक दातेरी पाती एकाच बाजूनं उतरती असतात. त्याच उताराच्या कोनात एकेक खोबण चार-पाच वेळा घासावी, मागच्या बाजूला बर आली की ती बाजू दगडावर अगदी सपाट टेकवून एकदा हलकेच ओढावी. सळई खोबणीपेक्षा जाड असेल तर टोकं झिजून दात बसके होतात. सपाट बाजूला कोन देऊन घासलं तरी तेच होतं.

सायकलवरच्या धारवाल्याच्या चाकावर दातेरी पातं देऊ नये, दात जातात. साधं पातं दिलंत तर मध्ये मध्ये पाण्यात बुडवायला सांगा. कडा निळसर झाली की पोलादाचं पाणी उतरलं, म्हणजे त्याचा कडकपणा गेला असं समजावं. तेवढा भाग घासून काढेपर्यंत तिथं धार टिकत नाही.