कूपन कोणाचं, ते आधी पाहा

नागपूरच्या गांधीबागेत कापडाच्या दुकानात मी चौदा वर्षांपासून काउंटरवर बसते. कूपनवालं गिऱ्हाईक दारातूनच ओळखू येतं. मोबाइल हातात पुढे धरूनच आत येतं. परवा एक काकू म्हणाल्या, "बाई, कूपन तर लावून राहिली, पण जीएसटी कोणत्या किमतीवर लावून राहिली? आधीच्या का नंतरच्या?"

मी म्हटलं, कूपनचे पैसे कोणाच्या खिशातून जातात त्यावर आहे ते.

दुकानाचं स्वतःचं कूपन असेल तर जीएसटी कमी झालेल्या किमतीवर. सीजीएसटी (केंद्रीय जीएसटी) कायद्याचं कलम १५ सांगतं की विक्रीच्या वेळी दिलेली आणि बिलात दाखवलेली सवलत करपात्र किमतीतून वजा होते. "बिलात दाखवलेली" हे विसरू नका. तोंडी सोडलेल्या पैशांना हिशेबात किंमत नाही.

समजा मिक्सरची एमआरपी ३,५४० रुपये आहे. मिक्सरला १८ टक्के जीएसटी, आणि तो एमआरपीच्या आतच असतो. आतला कर काढायला रकमेला ११८ ने भागा, १८ ने गुणा: ५४० रुपये. दुकानाने ३५४ चं कूपन दिलं तर तुम्ही ३,१८६ देता, त्यात कर ४८६.

आता तेच कूपन मिक्सर बनवणाऱ्या कंपनीचं आहे आणि दुकानदार ते ३५४ रुपये कंपनीकडून वसूल करतो, असं धरा. तुमच्या खिशातून ३,१८६च जातात, पण दुकानाला एकूण ३,५४० मिळतात. मालाचा मोबदला गिऱ्हाइकाने दिला काय किंवा दुसऱ्या कोणी दिला काय, कायद्याला तो मोबदलाच. म्हणून कर पूर्ण ३,५४० वर धरला जातो, म्हणजे ५४० रुपये. अशा बिलावर कर जास्त दिसला म्हणून दुकानदाराशी भांडू नका, तो बरोबर आहे.

गिफ्ट व्हाउचर म्हणजे कूपन नाही, तो पैसाच. व्हाउचर घेताना जीएसटी लागत नाही (जीएसटी परिषदेच्या जैसलमेरच्या बैठकीनंतर डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकात हे स्पष्ट केलं आहे). वस्तू घेताना मात्र पूर्ण किमतीवर लागतो.

कपड्यांत एक वेगळीच भानगड आहे, आणि तिथे मीच एकदा फसले. २२ सप्टेंबर २०२५ ला, ऐन घटस्थापनेला, नवे दर लागू झाले: तयार कपड्याचा नग २,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, वर गेला की १८. ही किंमत म्हणजे कर सोडून, सवलत वजा जाता उरलेली. साडीला ही कटकट नाही, ती कितीचीही असो, ५ टक्केच. तर त्या दिवशी ३,०६८ एमआरपीचा कुर्ता आला, आमच्याच दुकानाचं ५०० चं कूपन. गिऱ्हाइकाने २,५६८ दिले. आमचं सॉफ्टवेअर दर ठरवत होतं एमआरपीवरून, त्याने १८ टक्के धरून ३९१ रुपये ७३ पैसे कर छापला. ५ टक्क्यांनी करपात्र किंमत २,४४५.७१ येते, म्हणजे मर्यादेच्या आत, आणि कर फक्त १२२.२९. रात्री शेठजींनी बिलं चाळली आणि चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे नुसतं पाहिलं. तेव्हापासून कूपनचं बिल मी आधी कॅल्क्युलेटरवर काढते.

एका बिलात तीन नग आणि कूपन एकच असेल तर ते किमतीच्या प्रमाणात तिन्हींवर वाटायचं. सगळं महागड्या नगावर टाकून त्याला ५ टक्क्यांत बसवणं ही चलाखी झाली, करू नका.

आता गिऱ्हाईक म्हणून. मागच्या हिवाळ्यात एका दुकानात मी २,००० एमआरपीची चप्पल ४० टक्के सवलतीत घेतली. १,२०० व्हायला हवे होते, बिल आलं १,२६०. "मॅडम, सेलमध्ये जीएसटी एक्स्ट्रा असते," पोरगा म्हणाला. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, मग सवलतीनंतर पुन्हा कर कसला? राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०१७ मध्येच, जीएसटीच्या आधीच्या व्हॅटच्या वेळी, हे चुकीचं ठरवलं आहे. मी बिल हातात धरून तिथेच उभी राहिले, आणि साठ रुपये परत घेतले. तुमचे देत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर लावा.

आणि बिलावर "बिल ऑफ सप्लाय" आणि कंपोझिशन (छोट्या दुकानदारांची सोपी कर योजना) लिहिलेलं असेल तर त्या दुकानाला तुमच्याकडून जीएसटी घेताच येत नाही. कूपन असो वा नसो.

काकूंचं बिल मी पुन्हा काढून दिलं. कूपन आमचंच होतं. त्यांनी ते उजेडाकडे धरून दोनदा वाचलं, घडी घालून बटव्यात ठेवलं आणि म्हणाल्या, "आता पिशवीचे पैसे कमी कर."