वर्डची फाइल उघडत नाही? तिला हात लावण्याआधी या चुका टाळा

शेजारच्या काकांनी आठवणी लिहायला घेतल्या होत्या. दीडशे पानं झाली आणि एका संध्याकाळी टाइप करता करता लाइट गेली. लाइट आल्यावर वर्ड म्हणालं, फाइल करप्ट आहे. मला हाक येईपर्यंत काकांनी ती दहा वेळा उघडून पाहिली होती. एकदा चार पानं दिसली म्हणून घाईघाईत सेव्हही केलं होतं. सगळा घोळ त्या सेव्हनं केला. त्या क्षणी बाकीच्या पानांवर ती चार पानं लिहिली गेली.

म्हणून पहिली चूक हीच: मूळ फाइलवर प्रयोग करणं. आधी तिची कॉपी करा, दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि जे काही करायचं ते कॉपीवर करा. फाइल पेनड्राइव्हवर असेल तर ती आधी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. विंडोज 'फॉरमॅट करायचं का?' असं विचारू लागलं, तर उत्तर 'नाही'.

दुसरी चूक जास्त गमतीची आहे. फाइल धडधाकट असते आणि आपण तिच्यावर उपचार करत बसतो. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमधली फाइल नव्या कॉम्प्युटरवर उघडली की मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चित्रविचित्र खुणांचा काला दिसतो. ही फाइल बिघडलेली नाही, तिचा फॉन्ट तुमच्याकडे नाही. अशा वेळी लोक सगळं सिलेक्ट करून मंगल फॉन्ट लावतात आणि सेव्ह करतात. हे करू नका. त्या फाइलमध्ये कुठला मजकूर मराठी आणि कुठला खरोखरच इंग्रजी, हे फक्त फॉन्टच्या नावावरून कळतं. ते नाव पुसलं की नंतर कन्व्हर्टरलाही, म्हणजे जुन्या फॉन्टचा मजकूर आजच्या युनिकोड मराठीत बदलणाऱ्या प्रोग्रामलाही, कळत नाही. मूळ फॉन्ट टाका, किंवा त्या फॉन्टसाठीचा युनिकोड कन्व्हर्टर वापरा.

मेलवरून आलेली फाइल 'करप्ट आहे' म्हणून उघडत नसेल, तर तिच्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'अनब्लॉक' असा चौकोन दिसतो का ते बघा. भरवशाच्या माणसाकडून आली असेल तरच त्यावर टिक करा. आणि वर्डच्या सगळ्याच फाइली रुसल्या असतील, तर दोष फाइलचा नाही, वर्डचा आहे. कंट्रोल बटण दाबून धरून वर्ड सुरू करा, ते सेफ मोडमध्ये, म्हणजे जोडलेल्या जादा गोष्टींशिवाय, उघडतं. तिथे फाइल नीट दिसली तर एखादं अ‍ॅड-इन (वर्डला जोडलेला जादा प्रोग्राम) किंवा वर्डचा मूळ टेम्प्लेट (नव्या फाइलचा साचा) बिघडला आहे असं समजा.

आता खरोखर बिघडलेल्या फाइलकडे वळू. वर्डमध्येच एक सोय आहे, पण ती दडलेली आहे. ओपनच्या खिडकीत फाइलवर एकदाच क्लिक करा. खालच्या 'ओपन' बटणाला चिकटून एक बारीक बाण असतो, त्यात 'ओपन अँड रिपेअर' सापडेल. त्यानं जमलं नाही तर फुकट मिळणारं लिब्रेऑफिस वापरून बघा. वर्डनं नाकारलेली फाइल ते कधी कधी मुकाट्यानं उघडतं.

तेही हरलं तर एक गोष्ट लक्षात घ्या. वर्डची २००७ पासूनची डॉकएक्स फाइल म्हणजे मुळात झिप असते, अनेक फाइली दाबून बांधलेलं एक गाठोडं. कॉपीच्या नावाचं 'डॉकएक्स' हे शेपूट बदलून 'झिप' करा आणि उघडा. आत 'वर्ड' नावाच्या फोल्डरमध्ये 'डॉक्युमेंट' ही एक्सएमएल फाइल असते, तिच्यात तुमचा मजकूर. 'मीडिया' फोल्डरमध्ये फोटो. मजकूर गेला तरी फोटो पुष्कळदा शाबूत मिळतात.

झिपही उघडत नसेल तर कॉपी नोटपॅडमध्ये उघडा. सुरुवातीला इंग्रजी 'पीके' ही दोन अक्षरं दिसली, तर अजून आशा आहे. झिप बनवणाऱ्या फिल कॅट्झची ती आद्याक्षरं. पण फाइलचा आकार भरपूर आणि आत सगळं कोरं, असं असेल तर मजकुराच्या जागी नुसती शून्यं भरली गेली आहेत. लाइट गेल्यावर हे बऱ्याचदा होतं. अशा फाइलवर रिपेअर सॉफ्टवेअरचे पैसे घालवू नका. तिच्यात दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलंच नाही, जुनी प्रत शोधायला लागा.

ती कुठे? वर्ड मूळ सेटिंगप्रमाणे दर १० मिनिटांनी स्वतःसाठी एक प्रत ठेवतं. बंद पडल्यावर पुन्हा सुरू केलं की डाव्या बाजूला 'डॉक्युमेंट रिकव्हरी'ची यादी येते. ती वाचण्याआधीच फुली मारणारे मी पुष्कळ पाहिलेत! कधीच सेव्ह न केलेल्या फाइलसाठी फाइल, इन्फो, मॅनेज डॉक्युमेंट या वाटेनं जा. वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन कपाटात, फाइल असेल तर 'व्हर्जन हिस्टरी'त तिच्या जुन्या प्रती बघा.

हरवलेली फाइल शोधणारं सॉफ्टवेअर त्याच ड्राइव्हवर उतरवू नका, ते नेमकं तुमच्या फाइलच्या जागेवर बसू शकतं. आणि खरेदीखत किंवा आधारची माहिती असलेली फाइल कुठल्याशा फुकट दुरुस्तीच्या साइटवर चढवण्याआधी दहा वेळा विचार करा.

फाइल उघडते पण सारखी अडकते, रचना विस्कटते? मग सगळा मजकूर नव्या फाइलमध्ये न्या, फक्त शेवटची परिच्छेदखूण (परिच्छेद संपल्याची, एरवी न दिसणारी खूण) मागे सोडा. फाइलभरच्या रचनेचा बराच कचरा त्या एका खुणेत साठलेला असतो.

काकांच्या फाइलमध्ये 'पीके' होतं, पण आत तीच चार पानं. शेवटी त्यांनी दोन महिन्यांपूर्वी मुलीला मेल केलेली प्रत सापडली, एकशे दहा पानांची. उरलेली चाळीस पानं ते सध्या पुन्हा लिहिताहेत, या वेळी इन्व्हर्टर बसवून.