बीपीचा आकडा वाचण्याआधी

गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकू तीन जिने चढून आल्या आणि बसता बसताच हात पुढे केला. "सिस्टर, बीपी बघा." १६२/९४. चेहराच उतरला त्यांचा. मी त्यांना आधी बाथरूमला जाऊन यायला सांगितलं, मग खुर्चीत पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसवलं. पुन्हा घेतलं तर १३८/८६.

एकतीस वर्षं वॉर्डात बीपी घेतलंय, म्हणून सांगते, आकडा किती आला याआधी तो कसा घेतला ते बघा. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, मशेरी नको. पाय जमिनीवर टेकलेले, मांडीवर मांडी नको. पट्टा उघड्या दंडावर बांधा, कोपराच्या दोन बोटं वर. स्वेटरवरून नको आणि घट्ट बाही वर सरकवूनही नको. हात टेबलावर असा ठेवा की दंड छातीच्या उंचीला येईल. लोंबता हात आकडा वाढवतो. जाड दंडाला लहान पट्टा लावला तरी तेच होतं, तेव्हा मशीन घ्यायला जाताना दंडाचा घेर मोजून जा. मशीन चालू असताना बोलायचं नाही.

वरचा आकडा हृदय रक्त ढकलतं तेव्हाचा, खालचा ते सैल पडतं तेव्हाचा. "शंभर अधिक वय, एवढं वरचं चालतं" हे मी अजून ऐकते आणि दर वेळी जीव तुटतो. वयाबरोबर धमन्या कडक होतात, म्हणून पुष्कळदा वरचंच एकटं वाढतं, आणि पक्षाघाताचा धोका त्यानेही वाढतो. १२०/८० च्या खाली असलं तर उत्तम. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्यावर येत राहिलं तर तो उच्च रक्तदाब. घरी माणूस निवांत असतो, त्यामुळे घरची रेघ १३५/८५ ला. दोनातला एक आकडा ओलांडला तरी धरायचं.

म्हणजे काकूंचं १३८/८६ सुद्धा सोडून देण्यासारखं नव्हतं. त्यांना वही दिली. सात दिवस, सकाळी नाश्त्याआधी (बीपीची गोळी चालू असेल तर तिच्याही आधी) दोनदा, संध्याकाळी दोनदा, मध्ये एक मिनिट थांबून. आला तो आकडा लिहायचा, आवडला नाही म्हणून गाळायचा नाही. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी.

१८०/१२० च्या वर गेलं तर पाच मिनिटांनी पुन्हा घ्या. तेवढंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. जास्तीची गोळी स्वतःहून घेऊ नका. सोबत छातीत दुखत असेल, धाप लागली असेल, बोलणं अडखळत असेल किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा वाटत असेल, तर पुन्हा मोजण्यात वेळ घालवू नका, सरळ १०८ ला फोन करा.

काकूंची सरासरी १४२/८८ आली. वही घेऊन त्या डॉक्टरांकडे गेल्या, गोळी सुरू झाली, आणि लोणच्याची बरणी आता जेवणाच्या टेबलावर नसते.