खडी ब्रासने मागवताय की टनाने? या चुका टाळा

दिवाळीनंतर कोकणात बांधकामं सुरू होतात आणि मुंबईत बसलेला घरमालक फोनवरून खडी मागवतो. गवंडी ब्रासमध्ये बोलतो, क्रशरवाला काट्याची पावती टनात देतो, इंजिनिअरच्या कागदावर घनमीटर असतात. तिघेही आपापल्या जागी बरोबर असतात, तरी माल कमी पडतो नाहीतर अंगणात उरतो.

पाया असा: १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच २.८३ घनमीटर. हिशेब सोपा व्हावा म्हणून बरेच जण ३ धरतात. इथेच सहा टक्क्यांचा घोळ होतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र वेगळी आहे. काळवत्रीचा, म्हणजे काळ्या बेसाल्टचा सलग दगड घनमीटरला साधारण २.८ टन भरतो. हा आकडा कुठेतरी सापडतो, कोणीतरी तो २.८३ ने गुणतो आणि एका ब्रासला आठ टन खडी मागवतो. पण खडी म्हणजे सलग दगड नव्हे. दाण्यांमधली जवळजवळ निम्मी जागा रिकामी असते. २० एमएमची सुटी खडी घनमीटरला साधारण १.४५ ते १.५५ टन बसते, म्हणजे ब्रासला ४.१ ते ४.४ टन. त्यात चुरी, म्हणजे क्रशरवरची दगडाची भुकटी मिसळलेली असेल तर पोकळ्या भरतात आणि तोच ब्रास आणखी जड होतो. जांभ्याच्या मुरुमाला तर खडीचा आकडा लावूच नका. तो सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि खाणीगणिक बदलतो.

मग खरा आकडा कसा काढायचा? रंगाची रिकामी बादली घ्या. ती काठोकाठ पाण्याने भरून वजन करा. मग तीच बादली खडीने भरा, न ठोकता, वरून फळी फिरवून सपाट करा आणि वजन करा. दोन्हींतून बादलीचं वजन वजा करा. एक घनमीटर पाणी एक टन भरतं, म्हणून पाणी १८ किलो आणि खडी २७ किलो भरली, तर २७ भागिले १८, म्हणजे १.५ टन प्रति घनमीटर. त्याला २.८३ ने गुणलं की ब्रासला सव्वाचार टन. बादली किती लिटरची हे माहीत असायची गरजच नाही. कुठल्याही तयार तक्त्यापेक्षा माझा या बादलीवर जास्त विश्वास आहे.

आता दाबाईचा प्रश्न. रस्त्यापासून घरापर्यंतची वाट ४० फूट लांब, १० फूट रुंद आणि थर ६ इंचांचा. झाले २०० घनफूट, दोन ब्रास. पण हे माप रोलर फिरल्यानंतरचं आहे. चुरीमिश्रित सुटा माल दाबल्यावर बसतो, त्यामुळे वीस-पंचवीस टक्के जास्त, म्हणजे अडीच ब्रास सांगावे लागतात. टनाचा हिशेब या अडीचवर करा, दोनवर नको.

वाळूची गंमत उलटी आहे. चार-पाच टक्के ओल असली की वाळू फुगते, बारीक असेल तर पाव हिश्शापर्यंतही. ब्रासने घेतलीत तर पोकळीचे पैसे देता, टनाने घेतलीत तर पाण्याचे. चार टनांत पाच टक्के ओल म्हणजे जवळपास २०० किलो पाणीच! फुगवटा तपासायला सरळ काचेच्या बरणीत ओली वाळू सैल भरा, समजा २० सेंटिमीटर. पाणी ओतून ढवळा, बसू द्या. १६ वर आली तर फुगवटा २५ टक्के. ही रीत आयएस २३८६ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागातही दिलेली आहे. खडीला हा त्रास नाही, ती ओली झाली तरी फुगत नाही.

गाडीचं माप आतून घ्या. हौदा उचलणाऱ्या पुढच्या जॅकच्या पेटीने अडवलेली जागा वजा करा. घाट उतरून आलेला माल हादऱ्यांनी दबतो, म्हणून हौदा फाळक्याखाली थोडा रिकामा दिसला की लगेच ड्रायव्हरदादांशी भांडू नका. माप क्रशरवरचं की घरपोच, हे भाव ठरवतानाच बोलून घ्या. काट्याच्या पावतीवर गाडीचा नंबर आणि रिकाम्या गाडीचं वजन त्याच दिवसाचं आहे ना, तेही बघा.

आणि माल आधीच ओतून गेला असेल तर? फावड्याने ढीग सपाट जागेवर गोल, टोकदार करून घ्या. तळाचा घेर फुटांत मोजा, त्याचा वर्ग करा, उंचीने गुणा आणि ३८ ने भागा. घेर ३५ फूट, उंची ४ फूट असेल तर सुमारे १३० घनफूट. दोन ब्रासचे पैसे मोजले असतील, तर हा आकडा घेऊन पुरवठादाराला फोन करा. पण ढीग पसरायच्या आधी.