अनोळखी झाडाचा नमुना आणि सोबतचं पत्र: तज्ज्ञाकडे पाठवायचं कसं

धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) किंवा बोडीच्या (लहान तळ्याच्या) काठी अनोळखी झाड दिसलं की आपण फोटो पाठवतो आणि बहुतेकदा उत्तर येतं, “फोटोवरून सांगता येणार नाही.” कारण ओळख पुष्कळदा फुलाच्या आतल्या भागांवरून ठरते. पूर्वीच्या निसर्ग-अभ्यासकांची रीत आजही चालते: दाबून वाळवलेला नमुना आणि सोबत नेमकं पत्र.

फूल किंवा फळ असलेलीच फांदी घ्या. लहान रोप असेल तर मुळासकट. प्रत्येकी दोन नमुने, दोन्हींवर एकच क्रमांक. एक पाठवायचा, एक घरी ठेवायचा. राखीव जंगलातून परवानगीशिवाय काही तोडू नका.

नमुना वर्तमानपत्रात पसरा, एक-दोन पानं उलटी ठेवा, म्हणजे पानाची खालची बाजूही दिसते. साधारण ४५ × ३० सेंटिमीटरच्या दोन प्लायवूडमध्ये गठ्ठा घट्ट बांधा. श्रावणात कागद रोज बदलावे लागतात. आळस केला की बुरशी येते आणि पानं काळी पडतात. उन्हात कागद वाळवा, झाड नाही. ते आकसतं आणि रंग उडतो. नमुना गालाला लावून पाहा: गार लागला तर अजून ओल आहे.

बोडीतल्या पाणवनस्पती बाहेर काढताच गोळा होतात. त्यांच्यासाठी परातीत पाणी घ्या, झाड तरंगू द्या, खालून जाड कागद सरकवा आणि पानं काडीने पसरवत हळूच तिरका उचला. वरून पातळ सुती कापड घाला, नाहीतर वर्तमानपत्राला चिकटतं.

आता पत्र. खरं तर नमुन्याइतकाच जीव यात असतो. १८८२ च्या फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या नॉर्दॅम्प्टनच्या वॉल्टर क्रिक यांनी डार्विनला एका पाणभुंगेऱ्याबद्दल पत्र लिहिलं. त्याच्या पायाला छोटा शिंपला चिकटलेला होता. डार्विननं लगेच उलट विचारलं: शिंपल्याची लांबी-रुंदी किती, कोणता पाय, किती अडकलेला? गोड्या पाण्यातले शिंपले एका तळ्यातून दुसऱ्यात कसे जातात याचा हा पुरावा होता, म्हणून मोजमाप हवंच होतं. ६ एप्रिलला ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात ते छापून आलं. १९ एप्रिलला डार्विन गेले.

म्हणून तज्ज्ञानं विचारण्याआधीच लिहा: तारीख, गाव, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश चार दशांश स्थळांपर्यंत (म्हणजे जागा साधारण ११ मीटरच्या आत सापडते). जमीन काळी की मुरमाड, बांदीत (भातखाचरात) की बांधावर. उंची टेपनं मोजून. फुलाचा रंग आणि वास तिथंच लिहून घ्या, वाळल्यावर दोन्ही जातात. चीक निघतो का तेही. गावातलं नाव द्या, पण सांगणाऱ्यानं कशासाठी वापरतो म्हटलं ते वेगळ्या ओळीत. “पाहिलं” आणि “वाटतं” एका वाक्यात मिसळू नका. प्रश्न एकच विचारा.

पेन्सिलनं किंवा न पसरणाऱ्या शाईनं लिहा, चिठ्ठी नमुन्यासोबतच ठेवा. दोन बाजूंना पुठ्ठा, वरून कागदी लिफाफा. बिया कागदाच्या पुडीत, प्लास्टिकमध्ये कुजतात. पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम प्रादेशिक केंद्राला किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला आधी विचारून मगच पाठवा.

उत्तर आलं की क्रमांक जुळवून घरच्या नमुन्यावर नाव, सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहा. तुमचा पहिला अंदाज खोडू नका, खाली नवीन ओळ घाला.