चांगली माणसं टिकवायची तर राजीनाम्याची वाट बघू नका

नाशिकच्या अंबड-सातपूरला कारखाने इतके शेजारी शेजारी आहेत की चांगल्या व्हीएमसी (धातूचे पार्ट कापणारं कॉम्प्युटरवरचं मशीन) ऑपरेटरला नोकरी बदलायला फक्त दोन गेट पलीकडे जावं लागतं. आणि आपण त्याला "का चाललास रे?" हे विचारतो कधी, तर राजीनामा टेबलावर आल्यावर. तेव्हा फार उशीर झालेला असतो, त्याने तिकडे होकार कळवलेला असतो. म्हणून हे विचारायचं तो नीट काम करतोय तेव्हाच.

पण त्याआधी हिशेब साफ करा. पगार 7 तारखेच्या आत. स्लिपवर ओव्हरटाइमचे तास वेगळे दिसले पाहिजेत आणि दर दुप्पट, कायदाच तसा आहे. पीएफचे 12 टक्के कापले तर ते खात्यात जमा झाले का हे पोरं हल्ली उमंग अ‍ॅपवर स्वतः बघतात, नाही दिसले की कॅन्टीनमध्ये चर्चा सुरू. ज्यांचा पगार 21,000 पर्यंत आहे त्यांच्या ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्यात, बायको-पोरांची नावं जोडलीत का तेही तपासा, कारण घरचं कोणी आजारी पडल्यावर ते कळलं तर माणूस कंपनीला माफ करत नाही, आणि बरोबरच आहे त्याचं. हे सगळं नीट नसेल तर वाढदिवसाचे केक वगैरे नको, लोकांना उलट राग येतो.

आता मुख्य काम, बोलणं. एकेकाला वेगळं घ्या, पंधरा-वीस मिनिटं पुरतात. इन्क्रिमेंटच्या महिन्यात नको, तेव्हा डोक्यात फक्त पैसे असतात. शिफ्ट सुटताना तर नकोच, त्याला बस गाठायची असते. "काही प्रॉब्लेम आहे का?" विचारलं तर उत्तर ठरलेलं, "सगळं बरंय साहेब." त्यापेक्षा नेमकं विचारा, "काल तुझं मशीन कशामुळे थांबलं होतं?" मग तो सांगतो की इन्सर्ट (मशीनच्या टूलची कापणारी बदलती टीप) संपला की स्टोअरमध्ये जायचं, तिथे स्लिपवर सुपरवायझरची सही पाहिजे, सुपरवायझर दुसऱ्या शेडमध्ये, आणि तोवर प्रॉडक्शन कमी पडलं म्हणून बोलणी यालाच. हे ऐकताना लगेच सुपरवायझरची बाजू घेऊ नका. लिहून घ्या. मग पुढचे दोन प्रश्न, कुठलं काम शिकायला आवडेल आणि कशामुळे सोडून जावंसं वाटतं. हा शेवटचा सगळ्यात शेवटीच विचारा.

त्यातली एक तरी गोष्ट आठवड्याभरात करून दाखवा. दहा इन्सर्ट मशीनजवळच्या कपाटात ठेवले आणि सही शिफ्टच्या शेवटी एकदाच घेतली तरी चालतं की. जे जमणार नाही ते का नाही हे तोंडावर सांगा, "बघू" म्हणू नका.

शिकायचं म्हणाला तर ते हवेत सोडू नका. ऑपरेटरला सेटर, म्हणजे नव्या कामासाठी मशीन लावून देणारा, व्हायचं असतं, सेटरला प्रोग्रामिंग हवं असतं. कोण शिकवणार, कुठल्या जॉबवर, आठवड्यात कुठल्या वेळी, हे कागदावर ठरवा, आणि एकट्याने सेटिंग करून पहिला पीस क्वालिटीकडून पास करून घ्यायला लागला की पगार किती वाढेल हेही आधीच सांगा. नाहीतर आपण शिकवतो आणि शेजारचा घेऊन जातो.

सुट्ट्यांचं आपल्याकडे वेगळं आहे. दिंडोरी-निफाडकडून येणाऱ्या बऱ्याच जणांच्या घरी द्राक्षबाग असते, ऑक्टोबरच्या आसपास छाटणी आणि जानेवारी ते मार्च माल काढणी, त्या दिवसांत तो घरी लागतोच. मग दरवर्षी भांडण कशाला, सप्टेंबरमध्येच सगळ्यांच्या तारखा घ्या, बदली माणूस तयार ठेवा.

एवढं करूनही कोणी गेलाच तर त्याचा हिशेब आणि अनुभवाचा दाखला अडवू नका, बाकीचे सगळे बघत असतात. आणि काही महिन्यांनी एक फोन करा, तिकडे कसं चाललंय म्हणून, परत यायचं असेल तर तो त्याच फोनवर सांगेल.